लीगची घरची वाहिनी: एमएलबी नेटवर्क, एनएफएल नेटवर्क आणि मंडळी (तक्रारींचा धागा)

नववी_इनिंग (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, इथे बेसबॉलवर बोलणारी माणसं मोजकीच आहेत हे माहीत आहे. पण हे दुखणं अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकीवाल्यांचंही आहे, म्हणून धागाच काढतोय.

एमएलबी नेटवर्क ही मेजर लीग बेसबॉलची घरची वाहिनी. स्टुडिओ आपल्या जर्सीतच, सीकॉकसला, जिथे आधी एमएसएनबीसी ही वृत्तवाहिनी होती. १ जानेवारी २००९ ला वाहिनी सुरू झाली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी काय दाखवावं? १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे अंतिम मालिकेतला, डॉन लार्सनचा परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही असा सामना). टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवून घेतलेली जुनी प्रत, त्या वेळच्या समालोचनासकट. आणि स्टुडिओत समालोचक बॉब कॉस्टासच्या शेजारी खुद्द लार्सन आणि त्याचा कॅचर योगी बेरा. सुरुवात करावी तर अशी. लीगच्या कपाटात दशकानुदशकांचा माल पडलाय, रोज एक सामना बाहेर काढला तरी आपला जन्म पुरणार नाही, असंच कुणालाही वाटलं असतं.

आणि आता? हंगाम चालू असताना सकाळी 'क्विक पिच', म्हणजे आदल्या दिवशीच्या सामन्यांची झलक. ते संपलं की पुन्हा तेच 'क्विक पिच'. हिवाळ्यात अमुक फ्री एजंट (करार संपलेला खेळाडू) कुठल्या संघात जाईल यावर तिघांची चर्चा, दुपारी त्याच चर्चेचं पुनःप्रक्षेपण, मग 'सध्याचे सर्वोत्तम दहा शॉर्टस्टॉप', 'सर्वोत्तम दहा कॅचर', आणि रात्री बेसबॉलवरचा एखादा सिनेमा, ज्याचे संवाद घरातल्या मांजरालाही पाठ आहेत. जुना सामना लागलाच तर २००४ चे रेड सॉक्स नाहीतर २०१६ चे कब्ज. सिएटल, मिलवॉकी, सॅन डिएगो या गावांत कधी बेसबॉल खेळलंच गेलं नाही जणू.

दुसरी तक्रार थेट सामन्यांची. या वाहिनीवर जे सामने लागतात त्यातले बरेचसे स्थानिक वाहिनीचंच प्रक्षेपण उचलून दाखवलेले असतात, आणि खेळणाऱ्या संघांच्या गावात ते झाकले जातात, यालाच ब्लॅकआउट म्हणतात. म्हणजे आमच्या न्यूयॉर्क मेट्सचा सामना देशभर दिसणार, फक्त मेट्सच्या चाहत्यांना त्या जागी दुसराच कुठलातरी दिसणार. का, तर स्थानिक वाहिनीने हक्क विकत घेतलेत. नियम समजतो हो, पण मग ती वाहिनी माझ्या काय कामाची?

तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. 'टीव्ही बंद करून पुस्तक वाचा' छापाचे सल्ले नकोत.

तिखटजाळ (नाशिक)

पुस्तक वाचा. (दिवे घ्या.)

आता गंभीर प्रश्न. लीग सामन्यांचे हक्क फॉक्स, ईएसपीएनला विकून अब्जावधी कमावते ना? मग स्वतःची वाहिनी काढायची खाज कशाला?

हिशेबनीस (शार्लट)

@तिखटजाळ, प्रश्न बरोबर जागी बसलाय. उत्तर केबलच्या बिलात आहे.

अमेरिकेत केबलवाला प्रत्येक वाहिनीला दर घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम देतो, तुम्ही ती वाहिनी बघा अथवा न बघा. वाहिनी मूळ पॅकेजमध्ये शिरली की कोट्यवधी घरांतून पैसे सुरू. खेळांच्या वेगळ्या महागड्या पॅकेजात ढकलली गेली की घरं घटली, पैसे घटले. लीगच्या वाहिन्यांचा सगळा इतिहास या एका भांडणाचा आहे.

अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल, तिचं एनएफएल नेटवर्क ४ नोव्हेंबर २००३ ला निघालं. पहिली काही वर्षं त्यावर मुख्य हंगामाचा एकही थेट सामना नव्हता. मग २००६ च्या थँक्सगिव्हिंगच्या रात्री, २३ नोव्हेंबरला, कॅन्सस सिटी आणि डेन्व्हरचा सामना तिथे लावला आणि गुरुवारचे सामने सुरू झाले. प्रेक्षकांचे लाड म्हणून नव्हे. केबल कंपन्यांचा हात पिरगाळायला. कॉमकास्टने वाहिनी खेळांच्या वेगळ्या पॅकेजात टाकली, प्रकरण सरकारी दूरसंचार आयोगापर्यंत, म्हणजे एफसीसीकडे गेलं आणि २००९ मध्ये तडजोड झाली. टाइम वॉर्नर केबलने तर २०१२ पर्यंत ती घेतलीच नाही.

याचा कळस २९ डिसेंबर २००७. न्यू इंग्लंड पेट्रिअट्स १५-० वर, शेवटचा सामना जायंट्सशी, जिंकले तर १६-०, म्हणजे मुख्य हंगामात एकही हार नाही. हा सामना होता एनएफएल नेटवर्कवर, आणि ही वाहिनी देशातल्या निम्म्याही घरांत पोचत नव्हती. वॉशिंग्टनमधले सिनेटर डोळे वटारायला लागले. शेवटी तोच सामना सीबीएस आणि एनबीसी दोघांवरही दाखवावा लागला. पेट्रिअट्स ३८-३५ ने जिंकले.

बेसबॉलवाले हे बघून शहाणे झाले. त्यांनी एमएलबी नेटवर्कमधली सुमारे एक तृतीयांश मालकी केबल आणि डिश कंपन्यांनाच देऊन टाकली. मालकच झाल्यावर कोण वाहिनी महागड्या पॅकेजात टाकेल? पहिल्याच दिवशी सुमारे ५ कोटी घरं.

आता धागाकर्त्यांच्या तक्रारीकडे. पैसे घरामागे येतात, कार्यक्रमामागे नाही. मध्यरात्री तुम्ही १९७५ चा सामना बघताय की 'क्विक पिच'ची पाचवी फेरी, याने त्यांच्या जमाखर्चात दमडीचा फरक पडत नाही. वाहिनी चालू असली की झालं. आणि आता लोक केबल सोडायला लागल्यावर तो पैसाही आटतोय, त्यामुळे आहे तेही कापणं सुरू आहे.

गोलपोस्टवाला (शिकागो)

हिशेबनीसांना अनुमोदन. कापाकापी बघायची असेल तर एनएफएल नेटवर्ककडे बघा. 'टोटल ॲक्सेस' हा वाहिनीच्या जन्मापासूनचा कार्यक्रम, मे २०२४ मध्ये बंद. 'गुड मॉर्निंग फुटबॉल' न्यूयॉर्कमधून निघायचा, त्याच वर्षी उचलून लॉस एंजेलिसला नेला. सकाळचा कार्यक्रम तीन तास मागे असलेल्या गावात! पूर्व किनाऱ्यावर आठ वाजता लोक चहा घेत बघणार म्हणून तिकडे पाहुण्यांनी पहाटे पाचला आवरून यायचं. त्या कार्यक्रमाची सगळी मजा न्यूयॉर्कच्या स्टुडिओतल्या चार जणांच्या टोळीत होती, ती टोळी आधीच पांगली होती, उरलेली हवाही गेली.

पण कपाटातल्या मालाचं म्हणाल तर एनएफएलने केलेला प्रताप ऐका.

पहिला सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचा अंतिम सामना, १५ जानेवारी १९६७, ग्रीन बे ३५, कॅन्सस सिटी १०. सीबीएस आणि एनबीसी दोघांनी दाखवला आणि दोघांनीही टेप जपल्या नाहीत. तेव्हा टेप महाग, पुसून पुन्हा वापरायची रीत. अनेक दशकं हा सामना सलग असा कुठे पाहायलाच मिळत नव्हता. पण एनएफएल फिल्म्सच्या कॅमेऱ्यांनी तो स्वतंत्रपणे टिपला होता. (ही कंपनी तुमच्या जर्सीतच, माउंट लॉरेलला. एड सेबल आणि त्याचा मुलगा स्टीव्ह यांनी अमेरिकन माणसाला फुटबॉल कसा बघायचा हे शिकवलं असं मी बेधडक म्हणेन.) त्या फिल्मच्या तुकड्यांतून एकेक चाल शोधून, जुळवून त्यांनी सगळाच्या सगळा सामना उभा केला. १५ जानेवारी २०१६ ला, म्हणजे बरोब्बर ४९ वर्षांनी, एनएफएल नेटवर्कवर लावला.

आणि काय केलं? सामना चालू असताना त्यावर स्टुडिओतल्या मंडळींची गप्पाष्टकं! प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डीचा ग्रीन बे संघ खेळतोय, चित्रपटासारखी फिल्म आहे, आणि वरून हे हसतायत, आठवणी सांगतायत, मध्येच मुलाखती. पन्नास वर्षं वाट बघून मिळालेली गोष्ट तोंडाने बडबडून घालवली. लोकांनी इतकी बोंब मारली की बडबड वगळून सामना पुन्हा दाखवावा लागला.

म्हणून माझं मत हिशेबनीसांपेक्षा थोडं वेगळं आहे. पैशाचं ठीक, पण यांचा स्वतःच्या मालावर विश्वासच नाही. प्रेक्षक नुसता खेळ बघत बसेल हे यांना खरंच वाटत नाही.

नववी_इनिंग

@गोलपोस्टवाला, हे शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

बेसबॉलमध्ये याच्या उलट एक उदाहरण आहे. १९६० ची वर्ल्ड सिरीज, सातवा सामना, पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध यांकीज. नवव्या इनिंगमध्ये बिल मॅझरॉस्कीचा होमरन, १०-९. याचंही पूर्ण चित्रण शिल्लक नाही असंच सगळे धरून चालले होते. गायक बिंग क्रॉस्बी पायरेट्सचा भागीदार मालक. सामना बघायचा धीर होईना म्हणून हा पठ्ठ्या पॅरिसला निघून गेला, पण जाताना टीव्हीवरून सामना फिल्मवर उतरवून घ्यायची सोय करून गेला. संघ जिंकल्यावर परत येऊन बघितला आणि फिल्मचे डबे कॅलिफोर्नियातल्या घराच्या तळघरात, वाइनच्या बाटल्यांशेजारी ठेवले. २००९ मध्ये ते सापडले. डिसेंबर २०१० मध्ये एमएलबी नेटवर्कने सामना दाखवला, आणि पिट्सबर्गमधल्या थिएटरात जुने खेळाडू बोलावून त्यांच्यासोबत दाखवला.

म्हणजे यांना जमतं. २०११ मध्ये कॉस्टास आणि टॉम व्हर्डुची यांनी गेल्या ५० वर्षांतले सर्वोत्तम वीस सामने घेऊन मालिका केली, प्रत्येक सामन्यातल्या दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना समोर बसवून. पिचरला विचारायचं, तो चेंडू का टाकलास. बॅटरला विचारायचं, तुला काय दिसलं. बेसबॉलवर टीव्हीवर याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. वाहिनी तीच, स्टुडिओ तोच. नंतर इच्छा संपली.

जुना_शिवाजीपार्क (दादर)

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही लोक सामने दिसत नाहीत म्हणून रडताय. आमच्याकडे सामने भरपूर दिसतात. ऐकू काय येतं तो प्रश्न आहे.

बीसीसीआयची वाहिनी नाही, पण घरच्या सामन्यांचं चित्रण बोर्डाच्या ताब्यात आणि समालोचकांच्या निवडीवर बोर्डाचा हात. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या भारत दौऱ्याच्या वेळी इयन चॅपेलने समालोचनाला नकार दिला, कारण संघनिवड, डीआरएस, बोर्डाचा कारभार यावर बोलायचं नाही अशी अट होती. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगलेला वगळलं, २०२० मध्ये आपल्या संजय मांजरेकरला. कारणं जाहीर कुणी सांगत नाही. तेव्हापासून कुठल्याही समालोचकाने 'व्यवस्थापनाने छान निर्णय घेतला' म्हटलं की मी आवाज बंद करतो.

लग्नात वरपक्षाने आणलेला फोटोग्राफर वधूच्या काकांचं रुसणं टिपत नाही. तुमच्याकडे काय वेगळं असणार?

डगआउट_वहिनी (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

काही वेगळं नाही, काका. केन रोझेन्थल हा बेसबॉलमधला सगळ्यात भरवशाचा बातमीदार म्हणायला हरकत नाही. एमएलबी नेटवर्कवर २००९ पासून होता. २०२० मध्ये त्याने 'द ॲथलेटिक' या क्रीडा संकेतस्थळावर कमिशनर, म्हणजे लीगचा प्रमुख, रॉब मॅन्फ्रेडच्या कारभारावर टीका केली, त्यानंतर काही महिने वाहिनीवर दिसला नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा करार वाढवला नाही, आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने दोन्हीचा संबंध जोडून बातमी दिली. त्याच हिवाळ्यात मालकांनी खेळाडूंना टाळेबंदी केली होती, २ डिसेंबर ते १० मार्च. त्या काळात लीगच्या संकेतस्थळावरून खेळाडूंचे फोटो काढून करड्या सावल्या लावल्या होत्या. चाहत्यांनी आपल्या आवडत्या खेळाडूच्या नावावर टिचकी मारावी तर समोर भुताची आकृती.

मी ऑकलंड ए'ज या बेसबॉल संघाची. २६ सप्टेंबर २०२४ ला त्यांच्या कोलिझियम मैदानावरचा शेवटचा सामना झाला. संघ लास व्हेगसला नेण्याच्या बाजूने ३० पैकी ३० मालकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये मत दिलं होतं. एकाने सुद्धा विरोधात नाही. आता जे तीस जण हात वर करतात तेच या वाहिनीचे मुख्य मालक. चूक कुणाची होती यावर तिथे एक तास खरी चर्चा व्हावी अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू? मला शॉर्टस्टॉपच्या याद्यांचा राग येत नाही. आमच्या गावातून संघ गेला आणि ज्या वाहिनीकडे बेसबॉलसाठी चोवीस तास आहेत तिच्याकडे या विषयासाठी जीभ नाही, त्याचा येतो.

गोलपोस्टवाला

वहिनी, फुटबॉलकडचं एक उलट उदाहरण, निव्वळ नोंदीसाठी. २००६ मध्ये गुरुवारच्या सामन्यांच्या समालोचनासाठी ब्रायंट गंबलला घेतलं. सामने सुरू व्हायच्या आधीच त्याने दुसऱ्या वाहिनीवरच्या आपल्या कार्यक्रमात मावळते कमिशनर टॅग्लियाबू आणि खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख यांच्या साटंलोट्यावर कडक शेरा मारला. टॅग्लियाबू चिडले, पण गंबलची नोकरी राहिली. दोन हंगाम त्याने समालोचन केलं. ते लोकांना अजिबात आवडलं नाही ही वेगळी गोष्ट.

वाळूकिनारा (सॅन डिएगो)

सगळे एका बाजूने बोलताय, तर मी दुसरी बाजू मांडते. लीगच्या हातात प्रक्षेपण गेल्यामुळे आमचं भलं झालं.

पाड्रेजचे सामने ज्या स्थानिक वाहिनीवर होते तिची मालक कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मे अखेर त्यांनी पैसे द्यायचं थांबवलं आणि ३१ मे पासून प्रक्षेपण लीगने स्वतःकडे घेतलं. समालोचक तेच, फक्त मालक बदलला. आणि पहिल्यांदाच सॅन डिएगोत बसून, केबलशिवाय, पाड्रेजचे सामने थेट विकत घेता यायला लागले, महिना १९.९९ डॉलर. ब्लॅकआउट गेला! नंतर ॲरिझोना, कोलोरॅडो, मिनेसोटा, क्लीव्हलंड असे एकेक आले.

नववी_इनिंग म्हणतात तो ब्लॅकआउट लीगच्या मालकीमुळे नाही, लीगने हक्क दुसऱ्याला विकल्यामुळे आहे. आयोवात एकही संघ नाही, तरी तिथे वर्षानुवर्षं सहा संघांचे सामने झाकले जायचे: कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, ट्विन्स, ब्रूअर्स, रॉयल्स. सहाही संघ म्हणायचे आयोवा आमचं. बिचारा आयोवाचा शेतकरी! तिथे लीगनेच सगळं ताब्यात घेतलं तर मी टाळ्या वाजवीन.

हिशेबनीस

@वाळूकिनारा, मुद्दा दमदार आहे. पण बघा, तुम्ही सामन्यासाठी थेट पैसे मोजलेत, म्हणून तुम्हाला सामना मिळाला. तुम्ही ग्राहक झालात. एमएलबी नेटवर्कचा ग्राहक केबलवाला आहे. मालक तोच असून दोन्हीकडे वागणूक वेगळी, ती यामुळे.

बर्फगोळा (टोरांटो)

हॉकीवाल्यांकडून हजेरी. कॅनडात, जिथे हॉकी म्हणजे श्वास, तिथे एनएचएल नेटवर्क २००१ पासून होतं आणि २०१५ मध्ये बंद झालं. अमेरिकेतलं चालू आहे, पण त्याचा कारभार त्याच वर्षी बेसबॉलच्या सीकॉकसच्या स्टुडिओत हलवला. म्हणजे बेसबॉलवाल्यांच्या घरी हॉकी पोटभाडेकरू.

(आमचा बेसबॉल संघ ब्लू जेज, त्यांच्या २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सातव्या सामन्याबद्दल कुणी काही विचारू नये. अकरावी इनिंग. मी बोलणार नाही.)

तिखटजाळ

@बर्फगोळा, अकराव्या इनिंगमध्ये काय झालं?

बर्फगोळा

नासिककर, फटके पडतील.

गोलपोस्टवाला

एनएफएलच्या रेडझोन वाहिनीचा विषय कुणी काढला नाही अजून, आश्चर्य आहे. लीगच्या वाहिन्यांमध्ये निखळ आनंद देणारी एकच गोष्ट होती ती. २००९ पासून दर रविवारी स्कॉट हॅन्सन उभा, सगळ्या सामन्यांमधून उड्या मारत, जिथे गुण होण्याची शक्यता तिथे कॅमेरा. सात तास, जाहिरात नाही, आणि सुरुवातीलाच तो ते गर्जून सांगायचा. डिसेंबर २०२४ मध्ये चाचणी म्हणून जाहिराती घुसवल्या. २०२५ चा हंगाम उघडला तर त्याच्या गर्जनेतून 'जाहिरातीविना' तेवढं गळलेलं. पडद्याच्या एका कोपऱ्यात खेळ, दुसरीकडे जाहिरात. फार वेळ नसतात म्हणे. वेळेचा प्रश्नच नाही, जी एक गोष्ट धड होती ती सुद्धा सोडली नाही.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेला सौदा: एनएफएल नेटवर्क ईएसपीएनकडे जाणार, बदल्यात लीगला ईएसपीएनमध्ये १० टक्के हिस्सा. म्हणजे आता घरची वाहिनी बाहेर गेली, आणि बाहेरची वाहिनी थोडी घरची झाली. आजवर लीगच्या भानगडींवर शोध घेऊन बातम्या देणारे बरेच पत्रकार ईएसपीएनमध्येच होते. जुना_शिवाजीपार्क काकांचा फोटोग्राफर आता दोन्ही पक्षांकडून पैसे घेणार.

डगआउट_वहिनी

हो, आणि बास्केटबॉलवाले उलट्या दिशेने चाललेत. त्यांच्या लीगचं एनबीए टीव्ही २००८ पासून टर्नर या टीव्ही कंपनीकडे चालवायला होतं, ते ऑक्टोबर २०२५ पासून लीगने परत स्वतःकडे घेतलंय. कुणाला कुठे जायचंय हे त्यांनाच ठरवता येत नाहीये.

तिखटजाळ

इतकं वाचल्यावर एखादा जुना सामना बघावासा वाटायला लागला. वाहिनी माझ्याकडे नाही, असती तरी तुमच्या म्हणण्याप्रमाणे उपयोग नाही. मग बघू कुठे?

नववी_इनिंग

यूट्यूबवर. हसू नकोस. लीगच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर वर्ल्ड सिरीजचे कितीतरी जुने सामने पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत फुकट आहेत. म्हणजे कपाट उघडलंय, फक्त ज्या वाहिनीसाठी केबलवाले पैसे वसूल करतात तिथे नाही.

१९९१ चा सातवा सामना लाव, मिनेसोटा विरुद्ध अटलांटा. जॅक मॉरिस एकटा दहा इनिंग पिचिंग करतो आणि निकाल १-०.

तिखटजाळ

दहा? नऊच असतात ना? आणि तीन-चार तासांत एकच रन? यापेक्षा रणजीचा चौथा दिवस बरा.

नववी_इनिंग

बरोबरी असेल तर पुढे खेळतात. आधी आठवी इनिंग बघ, लॉनी स्मिथ दुसऱ्या बेसवर का थबकतो ते नीट बघ, मग रणजीबद्दल बोलू.

डगआउट_वहिनी

आणि समालोचनाचा आवाज चालू ठेव. तो सामना सीबीएसवर होता.